नारू मीच तोडला

आमच्या मठात नव्या मुली येतात. त्यांतली एखादी आजारी पडली की तिला माझ्याकडे पाठवतात. "सिस्टर, हिला तुमची गोष्ट सांगा," म्हणतात. म्हणजे मी दुखणं किती धीराने सोसलं ते सांगा. मी त्या मुलीला आधी दार लावायला लावते आणि मग खरं काय ते सांगते. हल्ली बोलून दम लागतो, म्हणून लिहून काढते आहे. ज्यांना दुखणं आलंय आणि ज्यांना स्वस्थ पडून राहणं मुळीच जमत नाही, त्यांच्यासाठी हे आहे. ज्यांना जमतं, त्यांनी नाही वाचलं तरी चालेल.

माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी. जेवता जेवता उठायची, दुसऱ्याच्या हातातलं काम "आण इकडे" म्हणून ओढून घ्यायची, प्रार्थनेत एक डोळा खिडकीबाहेर. मठात आल्यावर आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "तू देवाचं काम पुष्कळ करशील, पण त्याला मधे बोलू देणार नाहीस." मला ती स्तुती वाटली होती.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमचं मुख्य घर नागपूरला, आमच्या प्रमुख, मदर, तिथेच राहायच्या. आम्ही दोघी सिस्टर मात्र साखरखेर्ड्यापासून तीन कोसांवरच्या एका खेड्यात होतो. दुसऱ्या सिस्टर अगाथा. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, मोजकं बोलणाऱ्या, माणसाबद्दल वाईट विचार करायचा तर आधी देवाची परवानगी घेणाऱ्या. घर दोन खोल्यांचं, बाजूला छोटं प्रार्थनाघर, आणि ओसरीवर दवाखाना. दवाखाना म्हणजे एक बाक, एक कपाट आणि मी.

पहिली व्रतं घेऊन मला तीन वर्षं होत आली होती. ही व्रतं, म्हणजे मठात राहायच्या शपथा, मुदतीची असतात. मुदत संपली की मठ तुम्हाला कायमची व्रतं देतो, नाहीतर तुमचं सामान बांधून घरी पाठवतो. माझी कायमची व्रतं इस्टरनंतरच्या आठवड्यात ठरली होती. मला दुसरं काही नको होतं. हे एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचा मूर्खपणा समजेल.

गावात नारू होता. ज्यांनी तो पाहिला नाही ते भाग्यवान. पायऱ्यांच्या बारवेतलं पाणी तसंच प्यायलं की तो पोटात जातो, वर्षभर पत्ता लागू देत नाही, आणि मग एक दिवस पायाची आग आग होऊन फोड येतो. फोड फुटला की आतून पांढरा दोरा डोकावतो. हातभर लांब, कधी त्याहूनही जास्त. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा असतो, त्याहून जास्त नाही. जोर केला तर तुटतो, आणि तुटला की उरलेला आत सडतो.

पाणी गाळून प्या, असा सरकारचा छापील कागद आला होता. मी तो बारवेच्या पायरीवर उभी राहून मोठ्याने वाचून दाखवला. गाळायला फडकीही वाटली. पांढऱ्या कापडाचे चौकोन आम्ही दोघींनी शिवले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात मी हौसेने लाल दोऱ्याचा एक लहानसा क्रूस काढला. गावात बहुतेक घरं हिंदूंची, भाजीपाला आणि ज्वारी-कपाशी करणारी. एक आळी मुसलमानांची, त्यात पिंजारी आणि बाजार करणारे. सगळ्यांनी हात पुढे करून फडकी घेतली. पुढच्या उन्हाळ्यात नारूचे पाय तेवढेच आले, तेव्हा माझं डोकं फिरलं. "सांगून सांगून जीभ झिजली माझी. अक्कल आहे की नाही तुम्हाला?" बायका मान खाली घालून ऐकायच्या. हळूहळू त्या यायच्याच बंद झाल्या. मला वाटलं, चला, रोग हटला.

राखेचा बुधवार

इस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्याकडे प्रायश्चित्ताचे. पहिल्या दिवशी फादर कपाळाला राख लावतात. राख लावून घ्यायला गुडघे टेकले आणि उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला निखारा ठेवल्यासारखं झालं. खोलीत जाऊन झगा वर केला. सुपारीएवढा फोड.

मला वैद्यकाचं पुस्तक उघडावं लागलं नाही. असे कितीतरी पाय मी धुतले होते. उलट मला नेमका तो दिवस आठवला. आदल्या वर्षी उन्हाच्या तडाख्यात शेजारच्या वाडीहून परत येत होते. घशाला कोरड पडलेली. फडकं पिशवीत होतं, पण पिशवीची गाठ सोडायचा कंटाळा आला. ओंजळीने पाणी प्यायले, ज्या पायरीवर उभी राहून कागद वाचला होता त्याच पायरीवर.

आता हे बायकांना कळलं तर? अगाथांना कळलं तर? नागपूरला कळलं तर? मी खाटेवर बसून विचार केला आणि मला एक झकास युक्ती सुचली. प्रायश्चित्तकाळात प्रत्येक जण काहीतरी सोडतो. अगाथांनी चहातली साखर सोडली होती. मी ठरवलं, हे दुखणं कुणाला सांगायचं नाही. हेच माझं देवाला अर्पण. लाज होती, तिला मी त्यागाचा झगा घातला. ही चूक फक्त आमच्यासारख्या बायकाच करू शकतात. दुसरी कुणी असती तर बोंब मारून मोकळी झाली असती.

घाई

"पाय का ओढतेस?" अगाथांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं.

"काटा मोडलाय."

"बघू?"

"काढला मी."

प्रायश्चित्तकाळातलं पहिलं खोटं. त्यानंतर मोजणं सोडून दिलं.

आठवड्याभरात फोड फुटला आणि दोऱ्याचं टोक बाहेर आलं. मी ते काडीला गुंडाळलं, वरून पट्टी बांधली, आणि रोज दुपारी दार लावून बोटभर ओढू लागले. बोटभरच. कधी तेवढंही यायचं नाही. मी त्या किड्याशी भांडायचे. "चल ना रे. किती वेळ?" बसणं, ओढणं, थांबणं, पुन्हा बांधणं, माझ्या जिवाला दुसरी कुठलीही शिक्षा एवढी लागली नसती. गुडघे टेकताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि मी मनात म्हणायचे, बघतोयस ना देवा, कशी सोसतेय. शरमेची गोष्ट म्हणजे मला त्यात थोडा अभिमानही वाटायचा.

व्रतांच्या आधी नागपूरला जाऊन दहा दिवस मौनात राहायचं असतं. निघायला पाच दिवस उरले. तिथे एका खोलीत आठ जणी झोपणार, दार लावता येणार नाही. दोरा निम्मादेखील बाहेर आला नव्हता. त्या दिवशी अगाथा साखरखेर्ड्याच्या बाजाराला गेल्या होत्या. मी गरम पाण्यात पाय बुडवला आणि ओढलं. बोटभर आला. आणखी ओढलं, आणखी आला. मला हर्ष झाला. म्हटलं, उगाच घाबरवतात लोक. काडी घट्ट धरली आणि जोर लावला. दोरा एकदम सैल पडला.

काडीवर वीतभर तुकडा. बाकीचा आत.

मी उठले, पाणी फेकलं, पट्टी बांधली, आणि अगाथा आल्यावर त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घ्यायला गेले.

तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. क्रुसाच्या वाटेची प्रार्थना. चौदा स्थानं, प्रत्येक स्थानी गुडघा टेकायचा. अंगात ताप, मांडीपर्यंत पाय लाकूड झालेला. येशू दुसऱ्यांदा पडतात ते सातवं स्थान. तिथे मी पहिल्यांदा पडले आणि उठले नाही. अगाथांनी झगा वर केला आणि पट्टीचा वास आल्यावर त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "येशू, पोरी!"

दवाखाना

बैलगाडीत खाट टाकून मला तालुक्यापलीकडच्या दवाखान्यात नेलं. कोणत्या ते महत्त्वाचं नाही. डॉक्टर रुक्ष, घाईतले, पण हाताने फार हलके. त्यांनी गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, "तुटला कसा?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी अगाथा बोलल्या. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. "महिनाभर कोणाला न सांगता गुडघे टेकत होती हो. प्रार्थनेतच तुटला असणार."

"मग प्रार्थना जरा कमी करा," डॉक्टर म्हणाले.

मी तोंड मिटलं.

गुडघा दोनदा चिरला. डॉक्टर अगाथांना म्हणाले, "दोन दिवस बघू. उतरलं नाही तर पाय मांडीपासून काढावा लागेल." त्यांना वाटलं मी गुंगीत आहे. ते दोन दिवस मी देवाशी एक शब्दही बोलले नाही. प्रार्थना आठवतच नव्हती. मला फक्त माझा पाय पाहिजे होता. त्यागबिग सगळा कुठच्या कुठे गेला आणि मी उशी चावून रडले. ज्यांना अशा वेळी प्रार्थना सुचत नाही, त्यांनी घाबरू नये. मलाही सुचली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाय राहिला. गुडघा मात्र वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. "चालाल काठी घेऊन. मांडी घालणं, गुडघे टेकणं विसरा."

मग रोजचं सुरू झालं. सकाळी झाडू, मग कांजी, मग पट्टी बदलणं. पट्टी ओढताना मी खाटेचा कठडा धरून मोजायची, एकशे वीसपर्यंत पोचलं की संपायचं. त्यानंतर दिवसभर काही नाही. छताला सतरा वासे होते. शेजारच्या खाटेवरची म्हातारी एकसारखी घोरायची, तिचा मला इतका राग यायचा की तो मी देवापुढे कबूल करायच्या यादीत लिहून ठेवला. झाडणारी बाई कौसल्या. तिने कुणाला न विचारता माझी खाट फिरवून खिडकीकडे केली. "तुमचा जीव लागून नाई राह्यला, मले दिसते," म्हणाली. बाहेर फक्त एक कडुनिंब आणि धुणं वाळत घालायची तार होती. मी दिवसभर तार पाहायची. तेवढ्यानेही बरं वाटायचं.

इस्टर मी त्याच खाटेवर काढला. त्या आठवड्यात मदरचं पत्र आलं. अगाथांनी त्यांना सगळं कळवलं होतं, म्हणजे त्यांना जे वाटलं ते. मदर परदेशातून आलेल्या, मराठी पुस्तकातून शिकलेल्या, आणि पुस्तकासारखीच लिहायच्या. व्रतांची मुदत तीन महिने वाढवली आहे, पावसाळ्याच्या आधी त्या स्वतः येऊन निर्णय सांगतील, असं त्यात होतं. खाली आणखी एक ओळ होती. आपल्या एका भगिनीचा नारू गुडघे टेकता टेकता तुटला आणि तिने चकार शब्द काढला नाही, ही हकीकत नागपूरच्या घरी जेवणाच्या वेळी सर्वांना वाचून दाखवण्यात आली.

अगाथांचे डोळे भरून आले होते. पन्नास बायका ताटात हात घालून माझा खोटेपणा ऐकत बसल्या होत्या.

आई

आई आली ती जालन्याकडच्या गावाहून, दोन दिवस प्रवास करून. आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती, तरी मी मठात गेले ते तिला कधीच पटलं नव्हतं. ती खाटेच्या कडेला बसली. पाय पाहिला. हात लावला नाही.

"घरी चाल," म्हणाली.

"आई, माझी व्रतं..."

"कायची व्रतं? त्यायले गुडघे टेकनारी बाई पायजे. तुले तं खाली बसताबी येत नाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमाले काई बी चालते. लंगडी झाली तं काय झालं, माही पोरगी हाय."

मी तिच्यावर ओरडले. अख्खा वॉर्ड ऐकत होता. मी देवाची आहे, तुझी नाही, असं काहीतरी बोलले. ती उठली, लुगड्याचा पदर नीट केला, आणि जाताना कौसल्याला सांगून गेली, "तिले ताक देत जा बाई, तिले ताक आवडते." मी ताक पिताना रडले, कारण ती चूक बोलली नव्हती. मला पाहिजे होतं ते नागपूर देईल की नाही याची मला खात्री नव्हती, आणि जी काही आशा होती ती एका खोट्यावर उभी होती.

हलीमाबी

मे महिन्यात मला परत आणलं. ओसरीवर खाट, बाजूला काठी. आणि आठच दिवसांत डाव्या घोट्यावर दुसरा फोड आला.

एका वेळी दोन-तीन नारू निघतात, हे मी कित्येकांना सांगितलं होतं. स्वतःच्या वेळी विसरले. या वेळी मात्र मी बोंब मारली. अगाथा घाबरल्या आणि त्यांनी हलीमाबीला बोलावलं. हलीमाबी पिंजाऱ्याची विधवा, साठीची, उंच आणि हाडकुळी. आळीतले सगळे नारू तीच काढायची. मी तिला कधी ओसरीवर येऊ दिलं नव्हतं. अडाणी उपाय करते म्हणून दोन बायकांदेखत बोललेही होते.

ती आली, खाली बसली, माझा घोटा मांडीवर घेतला. तुराटीची बारीक काडी, पिंजलेल्या कापसाची वात आणि कडुनिंबाचं पाणी, एवढंच सामान. टोक वातीत धरून काडीवर एक वेढा घेतला आणि थांबली.

"ओढा की," मी म्हटलं.

"जल्दी कायची हाय? कुठं जायाचं हाय तुमाले?"

खरंच कुठे जायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. व्रणावरून बोट फिरवलं. "हा तुटलेला हाय," म्हणाली. "आपोआप नाई तुटत असा. कोनी ओढला?"

अगाथा आत स्वयंपाकात होत्या. मी हळूच म्हटलं, "मीच."

हे मी पहिल्यांदा उच्चारलं. मला वाटलं होतं, आता ती उठून जाईल. ती हसली. तोंडात दात थोडे, पण हसणं मोठं. तिने आपलं लुगडं पिंडरीपर्यंत वर केलं. तिथे मूठभर मांस गेलेलं होतं. "पंधरा वर्साची होती. शादी होती आठ दिवसानं. मीबी ओढला." मग तिच्याबरोबर गावातल्या आणखी दोघी आल्या होत्या त्यांनीही आपापले पाय दाखवले. त्यांतल्या शेवंता माळणीने सांगितलं, तिने कांद्याच्या रोपांना पाणी द्यायची घाई होती म्हणून ओढला होता. सगळ्या हसत होत्या. तीन वर्षांत माझ्या ओसरीवर कुणी हसलं नव्हतं.

त्यानंतर त्या रोज यायला लागल्या. मी उठू शकत नव्हते, म्हणून रागावूनही जाता येत नव्हतं. बसलेल्या बाईला कुणी घाबरत नाही. एकीचा पाय, दुसरीची पाठ, तिसरीचं अंगावरून जाणं, जे जे दवाखान्यात कधी आलं नव्हतं ते सगळं माझ्या खाटेभोवती येऊन बसलं. रोग हटला नव्हता. माझ्या तोंडाला भिऊन घरात दडला होता.

एक दिवस मी विचारलं, "मी फडकी दिली होती, त्यांचं काय झालं? खरं सांगा."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवंता हलीमाबीला कोपराने ढोसत होती. शेवटी हलीमाबीच बोलली.

"पेटीत हाय, बाई. जपून ठिवलं. तुमी एवढ्या मायेनं देल्लं."

"गाळत का नाही?"

"त्याच्यावर तुमचा क्रूस हाय ना. दीर म्हने, त्यातून पानी गायलं तं पानी किरिस्ताव होईल."

"आमच्याकडबी तसंच," शेवंता म्हणाली. "देवाचं निशान हाय, फेकता बी येत नाई, वापरता बी येत नाई."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमाले राग किती येते, बाई," शेवंता म्हणाली आणि जीभ चावली.

मी हौसेने काढलेला तो इवलासा क्रूस. त्याच्या पायी कितीतरी जणींचे पाय सडले होते आणि वर त्यांना अक्कल नाही म्हणून मी सांगितलं होतं. मी भर ओसरीत तोंड झाकून रडले. हलीमाबीने घोटा सोडला नाही. "हलू नका. तुटल," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फडकी परत आली. घडी केलेली, एकदोन तर कापराच्या वासाची. मी सुई घेतली आणि क्रूस उसवायला बसले. सिस्टरने क्रूस उसवायचे! अगाथा दारात येऊन उभ्या राहिल्या, मग दुसरी सुई घेऊन माझ्याजवळ बसल्या. हलीमाबी खाली काडी फिरवत होती, बोटभर, आणि मला पहिल्यांदाच तिची घाई करावीशी वाटली नाही. म्हणजे अगदीच वाटली नाही असं नाही. थोडी वाटली.

त्याच दुपारी, लाल दोऱ्यांचा गुंता मांडीवर असताना, मी अगाथांना सांगितलं की नारू प्रार्थनेत तुटला नाही, मी ओढून तोडला. त्यांची सुई थांबली. "मी मदरना लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "मी खोटं लिहिलं."

"तुम्ही नाही. मी लिहू दिलं."

"आता त्यांना कोण सांगणार?"

"मी."

अशक्तपणातून बळ मिळतं, असं प्रवचनात ऐकून मी वहीत त्याखाली रेघ मारली होती. रेघ मारायला काही लागत नाही. त्या दुपारी माझ्यात बळ वगैरे काही नव्हतं. खोटं धरून ठेवायची ताकद संपली होती, इतकंच. बळ म्हणतात ते हेच असेल, तर ते असं रिकाम्या हाताने येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मदर

मदर मृगाच्या आधी आल्या. पांढऱ्या झग्यावर रस्त्याची लाल धूळ. पाणी प्यायल्या, गाळलेलं, आणि माझ्या खाटेजवळ खुर्ची घेऊन बसल्या. दुसरा नारू तोवर अख्खा निघाला होता. अगाथा बाहेर थांबल्या.

मी काहीही प्रस्तावना न करता सगळं सांगितलं. ओंजळीने पाणी प्यायले तिथपासून काडीवरच्या वीतभर तुकड्यापर्यंत. अर्पणाचं सोंग, जेवणाच्या वेळी वाचलेली हकीकत, आईवर ओरडणं, उसवलेले क्रूस. मधे थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

मदर आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "माझ्या सल्लागार भगिनींचे मत प्रतिकूल होते. जिला गुडघे टेकता येत नाहीत, दूरवर चालता येत नाही, तिला कायमची व्रते देऊ नयेत. मी त्यांना एकच कारण सांगितले होते. ही भगिनी मूकपणे सोसते, हिच्या उदाहरणाचा सर्वांना लाभ होईल."

"हो, मदर."

"ते कारण आता उरले नाही."

"हो, मदर."

मला आईचं घर दिसत होतं, अंगण, चूल, शेजारणींचे प्रश्न. मी म्हटलं, "मला राहायचंय. पण त्या कारणासाठी ठेवू नका."

"मग कोणत्या कारणासाठी ठेवू?"

मी खूप शोधलं. सांगण्यासारखं एकही कारण सापडलं नाही. "मला माहीत नाही," मी म्हटलं. मी एरवी कधी असं बोलत नसे.

मदर उठून ओसरीच्या टोकाला गेल्या. तिथे शेवंता आणि दोन बायका सावलीला बसल्या होत्या, मी मोकळी होण्याची वाट बघत. मदरनी त्यांना विचारलं, "आपण कोणाकडे आला आहात?"

शेवंताला ते मराठी नीट कळलं नसावं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "बसल्या बाईकडं," म्हणाली.

मदर परत आल्या. "एक वर्ष," त्या म्हणाल्या. "मुदत एक वर्ष वाढवते. याच गावी. या बाकावर बसून. त्यानंतर मी सल्लागारांना पुन्हा विचारीन. आणि नागपूरला जेवणाच्या वेळी आपली खरी हकीकत मी स्वतः वाचेन."

त्यांनी ती वाचली, लोकांच्या लक्षात मात्र पहिलीच राहिली. ते वर्ष कसं गेलं विचारू नका. मी रोज वैतागले. काठी दोनदा भिंतीवर फेकली. लोक म्हणतात दुखण्याने माणूस शांत होतो. मला तसा अनुभव नाही. बायका मात्र येत राहिल्या, फडकी बारवेवर दिसू लागली, आणि आई एकदा येऊन चार दिवस राहिली. भांडलोही. पण जाताना घरी चल म्हणाली नाही.

पुढच्या इस्टरनंतर मला नागपूरला बोलावलं. सल्लागारांचं मत काय पडलं ते मदरनी सांगितलं नाही, फक्त झगा धुऊन ठेव म्हणाल्या. प्रार्थनामंदिर भरलेलं होतं. पहिल्या बाकावर आई, डोक्यावर पदर. माझ्याबरोबर व्रतं घेणाऱ्या दोघी पुढे गेल्या, वेदीसमोर गुडघे टेकले. मी काठीवर त्यांच्या शेजारी उभी राहिले. फादर म्हातारे, तिथे नवे, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते पुस्तकातून वाचू लागले आणि एका ओळीशी अडखळले. तिथे छापलं होतं की व्रत घेणारी गुडघे टेकते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पुस्तकात पाहिलं. पुन्हा माझ्याकडे.

मी हलले नाही. टेकण्यासारखा गुडघा माझ्याकडे नव्हताच.

मागून मदरचा आवाज आला, "ती इतकीच वाकते, फादर. पुढे वाचा."

फादरनी पुढे वाचलं.